डेंग्यूनंतर केस जातायत, पीआरपीचं पॅकेज घेऊ का?

डबलबेल (सोलापूर)

नमस्कार. मी एसटीत वाहक आहे, वय ३९. सप्टेंबरात डेंग्यू झाला होता. प्लेटलेट ३१ हजारांवर आल्या, पाच दिवस ॲडमिट होते. सासूबाईंनी पपईच्या पानांचा रस पाजून पाजून तोंडाची चव घालवली. प्लेटलेट चढवाव्या लागल्या नाहीत, आपोआप वाढल्या. ऑक्टोबर संपता संपता ड्युटीवर हजर झाले.

डिसेंबर लागला आणि केस जायला लागले. न्हाऊन झालं की मोरीच्या जाळीवर मूठभर गुंता. गणवेशाच्या खांद्यावर केस, तिकिटाच्या मशीनच्या पट्ट्यात केस, डब्यात केस. माझी वेणी मनगटाएवढी होती, आता अंगठ्याएवढी राहिली. परवा अक्कलकोट गाडीत मागच्या सीटवरून एक आजी म्हणाल्या, "बाई, तुझा भांग केवढा रुंद झालाय गं!" आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या. तिकीट शून्य, सल्लाही फुकट.

घाबरून एका क्लिनिकात गेले, नाव लिहीत नाही. पांढरा कोट घातलेल्या एका मुलीनं डोक्यावर कॅमेरा फिरवला आणि टीव्हीवर माझी टाळू दाखवली. ती एवढी मोठी करून दाखवली तर कुणालाही रडूच येईल. म्हणाली, मुळं कमजोर झालीत, पीआरपी करा, म्हणजे प्लेटलेटनं भरलेलं रक्तद्रव तुमच्याच रक्तातून काढून तुम्हालाच टोचायचं, साइड इफेक्ट काही नाही. सहा सिटिंगचे ४२ हजार, आज बुक केलं तर ३३ हजार, वर चेहऱ्याचं एक सिटिंग फुकट, कारण गालांवर वांग आहेत. हप्त्यांचीही सोय आहे. डॉक्टर भेटलेच नाहीत, "सिटिंगच्या दिवशी भेटतील" म्हणाली. मी २ हजार भरून आले आणि तेव्हापासून झोप नाही.

कुणी केलंय का? डेंग्यूत ज्या प्लेटलेटसाठी जीव टांगणीला लागला होता, त्याच काढून डोक्यात टोचायच्या, हे माझ्या पचनी पडत नाही. आणि दुसऱ्या दिवशी ड्युटी करता येते का? सुट्ट्या सगळ्या आजारपणात संपल्यात.

---

पिशवीवाला (लातूर)

ताई, आधी सांगतो, मी डॉक्टर नाही. रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे, २१ वर्षं झाली. पण प्लेटलेट हा माझा रोजचा धंदा आहे, आणि पीआरपी मी स्वतःच्या डोक्यात टोचून घेतलंय. तेव्हा दोन्हीकडून बोलतो.

प्लेटलेट नुसतं रक्त थांबवत नाहीत. जखम झाली की त्या तिथं चिकटतात आणि त्यांच्या पोटातल्या बारीक पिशव्यांमधून काही प्रथिनं सोडतात. त्यांना ग्रोथ फॅक्टर म्हणतात. 'इथं दुरुस्ती सुरू करा, नव्या रक्तवाहिन्या आणा' असा तो निरोप असतो. हाच निरोप केसांच्या मुळापाशी नेऊन दिला तर मूळ जास्त दिवस वाढीच्या अवस्थेत राहील, अशी पीआरपीमागची कल्पना. कल्पना खोटी नाही. अडचण आहे ती नळीत नेमकं काय येतं याची.

माझी गोष्ट सांगतो. २०२२ साली, वय ४४, पुढून दोन्ही बाजूंनी केस मागे सरकलेले, टाळूवर चंद्र उगवायला लागलेला. आमच्या घराण्यात हे वडिलोपार्जितच, शेतीबरोबर येतं. एका क्लिनिकात दोन सिटिंग घेतली, प्रत्येकी साडेपाच हजार. दुसऱ्या वेळी त्यांनी रक्ताची नळी सेंट्रिफ्यूज मशीनमध्ये गरगर फिरवली आणि वरचा सोनेरी थर सिरिंजमध्ये ओढला. दिसायला सुंदर. पण नळी ज्या वेगानं फिरवली ते बघून मला शंका आली. टोचून उरलेलं अर्धा मिली मागून घेतलं, "आठवण म्हणून" म्हणालो. ती पोरगी हसली. संध्याकाळी आमच्याच मशीनवर मोजलं. माझ्या रक्तात त्या दिवशी प्लेटलेट होत्या २ लाख ६० हजार. त्या सोनेरी पाण्यात ३ लाख १० हजार.

म्हणजे साडेपाच हजार रुपयांत मला माझंच जवळपास साधं रक्तद्रव परत मिळालं. रक्त जोरात फिरवलं की प्लेटलेट खाली, लाल पेशींच्या अंगावर बसतात आणि वरचा थर रिकामा राहतो. त्यामुळे पहिल्यांदा हळू फिरवतात, लाल पेशी खाली बसवतात. वरचं सगळं दुसऱ्या नळीत घेऊन पुन्हा जोरात फिरवतात. आता प्लेटलेट तळाला येतात, मग वरचं बरंचसं रक्तद्रव टाकून द्यायचं आणि तळाचं थोड्याशात मिसळून घ्यायचं. एकदाच फिरवायची, मध्ये जेल असलेली तयार किटही मिळतात, तीही चालतात. पण मग किटच्या कागदावर लिहिलेला वेग आणि मिनिटं पाळली पाहिजेत, 'अंदाजे दहा मिनिटं' नाही.

पुढची तीन सिटिंग मी एका त्वचारोगतज्ज्ञाकडे घेतली. पहिल्याच भेटीत त्यांना मोजणीची गोष्ट सांगितली. वाटलं चिडतील, तर ते म्हणाले, "माझंही मोजा." मोजलं. ९ लाख २० हजार. साडेतीन पट. साधारण तीन ते पाच पट यावं अशी अपेक्षा असते.

अजून एक. आमच्या पेढीत प्लेटलेटची पिशवी २० ते २४ डिग्रीला, सतत हलणाऱ्या मशीनवर ठेवतात आणि पाच दिवसांत वापरून टाकतात. फ्रिजच्या थंडीत प्लेटलेट बदलतात आणि अंगात गेल्यावर फार टिकत नाहीत. त्या पहिल्या क्लिनिकात नळ्या फ्रिजमध्ये, कोल्ड्रिंकच्या बाटलीशेजारी होत्या. नळीचं बूचही बघा. निळं बूच किंवा एसीडी (रक्त गोठू न देणारं द्रव) लिहिलेली नळी असेल तर ठीक. जांभळ्या बुचाची नळी तपासणीसाठी रक्त द्यायची असते, त्यातलं परत अंगात टोचायचं नसतं. काढलेलं द्रव गवती पिवळं असावं. लालसर असेल तर लाल पेशी आल्यात, आणि मग टोचल्यावर आग जास्त होते.

आता तुमचा प्रश्न. तुमच्या अंगातून वीस-तीस मिली रक्त जाईल. प्लेटलेट दीड लाखाच्या वर परत आल्या असतील तर तेवढ्यानं काही बिघडत नाही. लाखाच्या खाली असतील तर कुठलाही शहाणा डॉक्टर हात लावणार नाही. पण माझ्या मते तुम्हाला हे लागतच नसावं. सप्टेंबरात ताप, डिसेंबरात गळती. तुमचं कॅलेंडरच सांगतंय. मोठा ताप, बाळंतपण, ऑपरेशन, उपासमार, असा धक्का बसला की वाढीत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकगठ्ठा गळतात. त्याला टेलोजेन एफ्लुव्हियम म्हणतात. मूळ जिवंत असतं, बहुतेकांचं सहा-आठ महिन्यांत भरून येतं. त्यावर पीआरपी केलं तर केस येणारच आहेत, आणि श्रेय पॅकेज घेऊन जाईल.

---

गंगावन_नको (सांगली)

डबलबेल ताई, मी केलंय. वय ५२, शिक्षिका. माझं तुमच्यासारखं नव्हतं. मूठभर कधी गळले नाहीत, पण पाच-सहा वर्षांत भांग हळूहळू रुंद होत गेला आणि समोरची केसांची कड मात्र शाबूत. आईचं अगदी असंच होतं, ती गंगावन लावून अंबाडा घालायची. डॉक्टरबाईंनी छोट्या भिंगातून बघितलं आणि मलाही दाखवलं: एकाच जागी जाड केसाशेजारी बारीक, त्याच्याशेजारी लव. सगळे सारखे जाड असते तर गोष्ट वेगळी, असे जाड-बारीक मिसळलेले असले की ते आनुवंशिक पातळ होणं. तुमच्या त्या टीव्हीवर हे कुणी दाखवलं का? की नुसती टाळू मोठी करून भीती घातली?

मला आधी सहा महिने मिनॉक्सिडिल, म्हणजे डोक्याला लावायचं केसांचं औषध, दिलं. पहिल्या महिन्यात उलट जास्त गळले, मी बाटली फेकणार होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, जुने केस नव्यांना जागा करून देतात, थांबा. मग त्याच्या जोडीला पीआरपी, महिन्याला एक असं चार वेळा, आता सहा महिन्यांनी एकदा.

दुखतं का, तर हो. टाळूवर फारसं नाही, कपाळाजवळ आणि कानशिलाजवळ डोळ्यांत पाणी येतं. आधी कपाळाच्या कडेनं बधिर करायची इंजेक्शनं देतात, तीच सगळ्यात जास्त लागतात. मग बारीक सुईनं पाऊण-एक सेंटिमीटरवर थेंब थेंब. वीस मिनिटांत संपतं. दुसऱ्या दिवशी कपाळावर सूज आली आणि तिसऱ्या दिवशी ती डोळ्यांवर उतरली. वर्गात पोरांनी विचारलं, "बाई, रडलात का?" शनिवारी केलंत तर सोमवारी ड्युटी होईल, पण टोचल्याच्या दिवशी टोपी घट्ट बसवू नका आणि केस धुऊ नका. दुखतं म्हणून ब्रुफेनसारखी गोळी घेऊ नका, डॉक्टर सांगतील ती घ्या. त्या गोळ्या प्लेटलेटच्या कामातच आडव्या येतात.

फायदा? खरं सांगते. भांग पूर्वीसारखा झाला नाही. पण रबर आधी चार वेढे बसायचं, आता तीन बसतं. लेक दर महिन्याला एकाच खिडकीपाशी, एकाच भांगाचा फोटो काढते, त्यात फरक दिसतो. तो पीआरपीचा किती आणि बाटलीचा किती, ते देवाला ठाऊक. दोन्ही एकदम चालू आहे. अभ्यासही बरेच झालेत म्हणे, पण प्रत्येकात माणसं थोडी आणि करायची पद्धत निराळी.

चेहऱ्याचं मात्र फुकट दिलं तरी घेऊ नका. मी घेतलं होतं, सुयांच्या पेननं भोकं पाडून वर ते द्रव चोळतात. दोन दिवस टोमॅटो. नंतर पंधरा-वीस दिवस कातडी मऊ वाटली, मुरमांचे खड्डे किंचित भरल्यासारखे. वांग जसे होते तसे. उलट आपल्या सावळ्या कातडीला सुया लागल्या आणि लगेच ऊन लागलं तर डाग आणखी गडद होऊ शकतात. तुम्ही दिवसभर दारात उभ्या. त्या पैशात चांगलं सनस्क्रीन वर्षभर येईल.

---

निसर्गोपचार_७७

कांद्याचा रस आणि जास्वंदीचं तेल लावा. रक्त काढून रक्त टोचणं हा मूर्खपणा आहे. आमच्या आजीचे केस गुडघ्यापर्यंत होते.

---

पिशवीवाला (लातूर)

तुमच्या आजीला डेंग्यू झाला होता का?

---

हडपसरचा_राजा

काका, मी २६ चा आहे, पुढून जातायत. मला जीएफसी सांगितलंय, १२ हजार एका वेळेला. दुसऱ्या ठिकाणी एक्सोसोम सांगितलं, १८ हजार. पीआरपी आता जुनं झालं म्हणतात. खरं का?

---

पिशवीवाला (लातूर)

राजा, जीएफसी म्हणजे ग्रोथ फॅक्टर कॉन्सन्ट्रेट, त्यातही तुझंच रक्त. फक्त किटमध्येच प्लेटलेट फोडून त्यांच्यातली प्रथिनं बाहेर काढतात आणि पेशी काढून टाकून नुसतं ते पाणी टोचतात. आग कमी होते असं लोक सांगतात. किट महाग म्हणून भाव जास्त. 'जुनं झालं' वगैरे विक्रीची भाषा. एक्सोसोम म्हणजे पेशींनी सोडलेल्या अतिसूक्ष्म पिशव्या, ते तुझ्या रक्तातून येत नाही, बाटलीतून येतं. अमेरिकेच्या एफडीएनं २०१९ मध्येच त्याबद्दल सावध राहा म्हणून सूचना काढली होती. डोक्यात टोचून घ्यायच्या आधी बाटलीवर काय लिहिलंय ते स्वतः वाच.

पुरुषांच्या टकलामागे डीएचटी नावाचं संप्रेरक असतं, ते मूळ बारीक करत नेतं. पीआरपी ते थांबवत नाही. त्याला फिनास्टराइडची गोळी आहे, १९९७ पासून, पण ती डॉक्टरच्या चिठ्ठीवरच, दुष्परिणाम समजून घेऊन. मीही घेतो. माझा चंद्र मावळला नाही, पण पौर्णिमाही झाली नाही. आणि जिथं टाळू गुळगुळीत चकचकीत झाली, तिथं कितीही टोच, दगडावर पेरल्यासारखं.

सगळ्यांसाठीच: नळी, सुई, सिरिंज तुमच्यासमोर फोडलेली हवी, नळीवर तुमचं नाव हवं. 'स्वतःचंच रक्त, धोका नाही' हे तेव्हाच खरं, जेव्हा ते स्वतःचंच असतं. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये विनापरवाना चाललेल्या एका पार्लरात चेहऱ्याचं पीआरपी करायचे. सुया पुन्हा वापरलेल्या, नळ्यांवर नावं नाहीत. २०१८ मध्ये ते बंद केलं. २०२४ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचा अहवाल आला, तीन गिऱ्हाइकांना तिथूनच एचआयव्ही झाला असावा असा. रक्तपेढीत आम्ही नाव दोनदा विचारतो, लोक वैतागतात. वैतागू द्या.

---

गंगावन_नको (सांगली)

आणि टोचणाऱ्याची पदवी विचारा, लाजू नका. त्वचारोगात एमडी, डीव्हीडी किंवा डीडीव्हीएल आहे का, आणि मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय. २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यक आयोगानं केसरोपण आणि सौंदर्योपचारांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यात लिहावं लागलं की यूट्यूब बघून शिकणं म्हणजे प्रशिक्षण नव्हे! कुणीतरी शिकत असणार म्हणूनच लिहिलं ना.

---

डबलबेल (सोलापूर)

तीन आठवड्यांनी लिहितेय, रागावू नका. सलग मुक्कामी गाड्या होत्या.

तुमच्या दोघांचं वाचून सिव्हिलच्या स्किन ओपीडीत गेले. केसपेपर काढला, दोन तास रांग. डॉक्टर पोरसवदा होते, पण आधी विचारलं ते "गेल्या सहा महिन्यांत काही मोठं आजारपण?" क्लिनिकात हे कुणी विचारलंच नव्हतं. मग पाचपन्नास केस चिमटीत धरून ओढले, असं पाच-सहा ठिकाणी. दर वेळी आठ-दहा हातात आले. मला धस्स झालं, ते मात्र केसाच्या टोकाचा पांढरा ठिपका दाखवून म्हणाले, हा विश्रांतीतला केस आहे, जाणारच होता. भांगाच्या कडेला भिंगातून बघितलं तर बोटाच्या पेराएवढे नवे केस उभे. घरी आरशात बघितले, खरंच आहेत. मी त्यांना तुटलेले समजत होते.

रक्त तपासलं. प्लेटलेट २ लाख ४० हजार. थायरॉइड ठीक. हिमोग्लोबिन १०.२ आणि फेरिटिन, म्हणजे अंगातला लोहाचा साठा, ९. डॉक्टर म्हणाले, डेंग्यूनं ढकललं खरं, पण टाकी आधीपासूनच रिकामी होती. पाळीत जास्त जातं का विचारलं. जातं, वर्षानुवर्षं जातं, बसमध्ये बसून कुणाला सांगणार? लोहाच्या गोळ्या दिल्यात, तीन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय. स्त्रीरोगाची चिठ्ठीही दिली. पीआरपीचं विचारलं तर म्हणाले, आत्ता नाही. केस भरून आल्यावरही भांग रुंदच राहिला तर आनुवंशिक आहे का बघू, तेव्हा औषध आधी आणि पीआरपी नंतर. वांगांना क्रीम आणि टोपी. एसटीची टोपी चालेल का विचारलं, हसले.

आता २ हजारांचं. फोन केला तर म्हणाले बुकिंगचे पैसे परत मिळत नाहीत, त्याऐवजी फेशियल करून घ्या. सुट्टीच्या दिवशी जाऊन बसले. अकरा वाजता बसले ते दीडपर्यंत. येणाऱ्या प्रत्येक बाईला नमस्कार केला आणि विचारलं, "तुम्हाला डॉक्टर भेटले का?" चौथ्या बाईनंतर आतून पाकीट आलं. दोन रुपयांच्या सुट्ट्यासाठी कुर्डुवाडीपर्यंत भांडणाऱ्यांबरोबर १४ वर्षं काढलीत मी, माझ्यापुढे ते काय टिकणार.

पिशवीवाले दादा, एकच विचारते. गोळी सकाळी घेतली की मळमळतं, आणि पाचच्या गाडीला चहाशिवाय माझा गळा फुटत नाही. चहाबरोबर घेतली तर चालते का?

---

पिशवीवाला (लातूर)

अजिबात नाही. चहा लोह अंगी लागू देत नाही. गोळीच्या आधी तास-दीड तास आणि नंतर तास-दीड तास चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळी नको. लिंबूपाण्याबरोबर घ्या. मळमळत असेल तर रात्री झोपताना घेऊन बघा, डॉक्टरांना तसं सांगून. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

आणि ते भांगाचे नवे केस उभे राहतील म्हणून तेल थापून चिकटवू नका. दोन-तीन महिने असेच काट्यासारखे दिसणार.

---

डबलबेल (सोलापूर)

रात्रीची घेते मग. मुक्कामाच्या गावात लिंबू मिळतं, नऊनंतर चहा तसाही मिळत नाही.